तास भरले नाहीत, पण पावसाळा गेला : लहान विमानाच्या इंजिनाचे तेल कधी बदलावे?

हरणीकर | १ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात लहान विमानांच्या देखभालीचे काम करतो. माझ्याकडे असलेल्या एका चार आसनी विमानावर लायकमिंगचे ओ-३२० इंजिन आहे. ते १६० अश्वशक्तीचे असून त्यात आठ क्वार्ट, म्हणजे सुमारे साडेसात लिटर तेल बसते, आणि त्याला सगळे तेल गाळून पुढे पाठवणारा, फिरवून बसवायचा फिल्टर आहे. ३० मे रोजी मी तेल आणि फिल्टर दोन्ही बदलले. त्यानंतर पाऊस, खाली उतरलेले ढग आणि मालकांची परगावची कामे यांमुळे हे विमान चार महिन्यांत अवघे १४ तास उडाले.

माझे म्हणणे असे की तेल आता बदललेच पाहिजे. मालकांचे म्हणणे असे की ५० तासांपैकी ३६ तास शिल्लक असताना चांगले तेल ओतून का द्यावे? लायकमिंगच्या सेवापत्रकात तीन गोष्टी सांगितल्या आहेत : असा फिल्टर असेल तर ५० तास, फक्त जाळी असेल तर २५ तास, आणि विमान कितीही कमी उडाले तरी दोन बदलांमध्ये जास्तीत जास्त चार महिने. मालक पहिली गोष्ट मानतात आणि तिसरीला कंपनीची अतिसावधगिरी समजतात.

कागद पुढे ठेवून मी त्यांना गप्प करू शकतो, आणि तेल बदलल्याशिवाय विमान हँगरबाहेर काढणार नाही हे मी त्यांना सांगितलेही आहे. परंतु मला ते पटवून द्यायचे आहे, कारण ज्याला पटले तो मालक पुढच्या पावसाळ्यानंतर आपण होऊन फोन करतो. आपल्यापैकी ज्यांचा तेलाशी, इंजिनाशी, इंधनाशी संबंध आला आहे त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. विरुद्ध मत असेल तर तेही हवे आहे.

प्रतापनगर_गॅरेज | १ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

हरणीकर, विमानाचे मला काही कळत नाही, पण मोटारींत आयुष्य गेले. आजच्या गाडीचे तेल १०,००० किलोमीटर चालते. सरासरी वेग ताशी ४० धरला तर ते अडीचशे तास झाले. विमानाचे इंजिन त्याहून काळजीपूर्वक बनवलेले असणार, इंधन महाग, तेल महाग, मग ५० तासच का? हा प्रश्न मी शंका म्हणून विचारतो आहे, वादासाठी नाही. तुमचे मालकही मनात हाच हिशेब करत असतील.

कोयलीकर | १ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इंधनात आहे, आणि ते इंधन आपल्या गावचे आहे. पूर्वी आपल्याकडे विमानाचे पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस १०० एलएल, बाहेरून आणावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशात बनवलेले ॲव्हगॅस बाजारात आणले, ते आपल्या कोयलीच्या रिफायनरीत तयार होते. मी तिथूनच निवृत्त झालो, म्हणून या विषयावर थोडे अधिक लिहितो.

‘एलएल’ म्हणजे कमी शिसे. पण कमी हे जुन्या ॲव्हगॅसच्या तुलनेत. एका लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चालते. मोटारीच्या पेट्रोलमधून आपण शिसे केव्हाच काढून टाकले. विमानाच्या इंजिनाला ठोका बसू नये, म्हणजे इंधन अवेळी स्फोटासारखे पेटू नये, म्हणून ते ठेवावे लागते, आणि जळल्यावर ते सिलिंडरमध्ये साचू नये म्हणून सोबत ब्रोमीनचे एक संयुग घालतात. त्यामुळे बहुतेक शिसे ब्रोमाइडच्या रूपात धुराबरोबर बाहेर जाते. जे पिस्टनच्या कड्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरते ते तेलात मिसळते. जुन्या इंजिनाचा संप, म्हणजे तेल साठते ते तळाचे भांडे, उघडला की तळाशी जो राखाडी, लोण्यासारखा गाळ बोटाला लागतो, त्यात हे शिसेच असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. हा अंदाज नाही, रसायनशास्त्राचा सरळ हिशेब आहे : ०.७२ किलो इंधनातला हायड्रोजन हवेतला प्राणवायू घेतो आणि पाण्याचे वजन साधारण एक किलो भरते. तुमचे ओ-३२० तासाला ३० लिटरच्या आसपास पीत असेल, तर १४ तासांत ४०० लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार झाले. बहुतेक सगळे धुराड्यातून गेले. पण त्यातला एखादा लहानसा अंश जरी कड्यांवरून खाली उतरला, तरी तो आठ क्वार्ट तेलाला पुष्कळ झाला.

आणि हे खाली उतरणे विमानात मोटारीपेक्षा जास्त असते. मोटारीचे इंजिन पाण्याने थंड होते, तापमान एका पट्ट्यात राहते, म्हणून पिस्टन आणि सिलिंडर यांतली फट अगदी कमी ठेवता येते. हे इंजिन हवेने थंड होते, तापल्यावर बरेच प्रसरण पावते, म्हणून फटी मोठ्या ठेवाव्या लागतात आणि त्यांतून वायू खाली झिरपतो. तेव्हा काका, तुमची गाडी आणि हे विमान यांच्या तेलाला एकच काम नाही.

प्रतापनगर_गॅरेज | १ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

समजले. शिशाचे लक्षातच आले नव्हते. आभारी आहे.

रतलाम_डिझेल | १ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

मी रतलामच्या डिझेल शेडमध्ये नोकरी केली, आता मांजलपूरला मुलाकडे राहतो. कोयलीकरांचे म्हणणे मान्य, पण निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. रेल्वेत लोकोमोटिव्हचे तेल कॅलेंडर बघून बदलत नाहीत. ठरलेल्या अंतराने नमुना काढायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि त्यात लोखंड, तांबे, शिसे, क्रोमियम, सिलिकॉन दशलक्षात किती भाग आहेत ते पाहायचे, अशी शिस्त आहे. स्पेक्ट्रोमीटरने इंजिनाच्या तेलाची नाडी बघण्याची ही पद्धत मुळात रेल्वेतूनच आली. अमेरिकेतल्या एका रेल्वे कंपनीने १९४० च्या दशकात ती सुरू केली आणि विमानवाल्यांनी नंतर घेतली. तेव्हा हरणीकरांना माझा सल्ला असा की आधी तपासा, मग बदला. तेल चांगले निघाले तर मालक बरोबर आहेत असे मोकळेपणाने सांगा.

आणखी एक घरगुती परीक्षा सांगतो, ती शेडमध्ये आम्ही रोज करत असू. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा. तेल कोरडे असेल तर थेंब शांतपणे पसरतो आणि धूर येतो. त्यात पाणी असेल तर तो तडतडतो, मोहरीसारखा. डोळ्यांवर चष्मा हवा आणि थेंब एकच हवा. प्रयोगशाळेचा कागद यायला आठवडा लागतो, पत्रा दोन मिनिटांत बोलतो.

हरणीकर | १ ऑक्टोबर, रात्री ८.५०

तपासणी मी करतो आणि करत राहीन. पण लोकोमोटिव्हच्या आणि या विमानाच्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे. लोकोमोटिव्ह रोज चालते, त्यामुळे त्याच्या नमुन्यांची मालिका तयार होते आणि लोखंड मागच्या वेळेपेक्षा वाढले की लगेच कळते. इथे १४ तासांचा एकटा नमुना आहे. एकट्या नमुन्यावरून इंजिनाची प्रकृती सांगणे म्हणजे एकदाच ताप मोजून आजाराचे नाव सांगण्यासारखे आहे.

पत्र्याची परीक्षा मात्र मी नक्की करून बघणार आहे.

कलाभवन_जुना | २ ऑक्टोबर, सकाळी ६.५५

यंत्रशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. या चर्चेत फिल्टर काय करतो आणि काय करत नाही हे नीट मांडले गेले तर मालकांच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल, असे वाटते.

फिल्टर म्हणजे चुण्यांचा कागद. त्यावर घन कण अडकतात. काजळी, झिजलेल्या धातूचे कण, वाळू, गास्केटचा तुकडा, हे सारे त्याच्या कक्षेत येते. पाणी, आम्ल आणि तेलात मिसळलेले इंधन त्याच्या कक्षेत येत नाही; ते कागदातून तेलाइतक्याच सहजतेने पलीकडे जाते. म्हणून फिल्टर लावला की २५ तासांचे ५० तास होतात, पण चार महिन्यांचे आठ महिने होत नाहीत. तास हे धातू आणि काजळी मोजतात, महिने हे पाणी आणि आम्ल मोजतात. ही दोन मापे वेगवेगळ्या शत्रूंची आहेत आणि जे आधी भरेल ते लागू होते.

फिल्टरमध्ये एक बायपास झडपही असते. कागद तुंबला, किंवा थंडीत तेल घट्ट असताना इंजिन सुरू केले, तर तेल कागदातून पुरेसे जात नाही. इंजिन कोरडे पडण्यापेक्षा न गाळलेले तेल मिळालेले बरे, म्हणून ही झडप उघडते. याचा अर्थ असा की फिल्टर आहे म्हणून प्रत्येक थेंब प्रत्येक वेळी गाळला जातोच असे नाही.

रतलाम_डिझेल यांच्या तपासणीबद्दल एवढेच जोडतो की स्पेक्ट्रोमीटरला फक्त अतिसूक्ष्म कण दिसतात, साधारण पाच ते दहा मायक्रॉनपर्यंतचे. त्याहून मोठा तुकडा त्याच्या ज्योतीत नीट जळत नाही आणि आकड्यात येत नाही. तो मोठा तुकडा फिल्टरच्या कागदात सापडतो. कॅमशाफ्टचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचा, पृष्ठभाग सोलून चकत्या निघू लागल्या तर प्रयोगशाळेचा कागद निर्मळ येईल आणि फिल्टरमध्ये चमचमणारे तुकडे असतील, असे होऊ शकते. म्हणून दोन्ही हवे. मंडळींपैकी कोणी फिल्टर कापून पाहतो का?

ग्वाल्हेरचा_सदाशिव | २ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

एक साधा उपाय का नको? दर रविवारी दहा मिनिटे इंजिन जमिनीवर चालवावे. तेल सगळीकडे फिरेल, भाग ओले राहतील, गंज लागणार नाही. आमच्याकडे जीप आणि जनरेटर आम्ही पावसाळाभर असेच जपतो.

कोयलीकर | २ ऑक्टोबर, सकाळी १०.४०

सदाशिवराव, हेतू चांगला आहे, पण परिणाम उलटा होतो. दहा मिनिटांत इंजिन पाणी तयार करते आणि ते उडवून लावण्याइतके तेल तापवत नाही. दर रविवारी थोडे थोडे पाणी भरत जायचे, असे ते होते.

हरणीकर | २ ऑक्टोबर, दुपारी १.२५

कोयलीकरांनी लिहिले तेच लायकमिंगचेही म्हणणे आहे. त्यांच्या पत्रानुसार उभ्या विमानाला उपाय एकच : तीस दिवसांच्या आत किमान एक तास सलग उड्डाण, आणि त्या वेळी तेलाचे तापमान १६५ ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. जमिनीवर चालवणे किंवा पंखा हाताने फिरवणे यांची गणना त्यात होत नाही.

यामागे या इंजिनाची घडण आहे. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभे राहिले की त्याच्यावरचे तेल हळूहळू निथळून खाली संपमध्ये जाते आणि कॅमचे उंचवटे उघडे पडतात. ओल्या हवेत तिथे गंजाचा बारीक ठिपका उठतो. पुढे इंजिन चालू लागले की टॅपेट, म्हणजे कॅमला टेकून झडप ढकलणारा भाग, त्या ठिपक्यावरून मिनिटाला हजारभर वेळा जातो आणि ठिपक्याचा खड्डा करतो. ज्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते ती गोष्ट ही आहे, आणि तेलातले पाणी आणि आम्ल तिला मदत करतात.

विश्वामित्रीकाठ | २ ऑक्टोबर, सायंकाळी ५.००

विमानाशी माझा काही संबंध नाही, पण तेलातले पाणी मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या सोसायटीत शिरले तेव्हा माझी स्कूटर दोन दिवस बुडून होती. नंतर मेकॅनिकने खालचा बोल्ट काढला तेव्हा काळ्या तेलाऐवजी दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचा, फेसाळ द्रव बाहेर आला. त्या रंगाचे द्रव्य इंजिनात फिरते ही कल्पना मला तेव्हापासून सहन होत नाही.

माळवी_माणूस | २ ऑक्टोबर, रात्री ९.१५

मी इंदूरचा. कलाभवनकरांनी विचारले म्हणून लिहितो : होय, मी प्रत्येक फिल्टर कापतो. पण त्याआधी फिल्टर बसवण्याविषयी एक अनुभव सांगणे कर्तव्य समजतो, कारण तेल बदलण्याचा फायदा सगळेच सांगतात, तोटा कोणी सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी मी नवखा असताना, एका ठिकाणी आम्ही ५० तासांची कामे करत होतो. जुना फिल्टर काढला तेव्हा त्याची रबरी गास्केट फिल्टरबरोबर न येता इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिली. मी आरसा लावून पाहिले नाही. नवा फिल्टर त्याच्या स्वतःच्या गास्केटसह वरून चढवला, टॉर्क रेंचने घट्ट केला, तो सैल होऊ नये म्हणून लॉक वायरही केली. सगळे बरोबर दिसत होते. जमिनीवर इंजिन चालवून पाहताना चौथ्या मिनिटाला काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या, खालून तेलाची धार लागली. आम्ही ताबडतोब इंजिन बंद केले. तेच जर हवेत झाले असते तर तेलाचा दाब जायला फार मिनिटे लागली नसती.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे आणि तो मी मोडत नाही. जुना फिल्टर काढताच त्याच्यावर गास्केट आहे ना हे हाताने चाचपायचे. इंजिनाच्या तोंडावरून कोरडे फडके आणि मग बोट फिरवायचे. नव्या गास्केटला डीसी-४ या सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावायचा. टॉर्क फिल्टरवर छापलेला असतो, १६ ते १८ फूट-पौंड, तेवढाच द्यायचा. वायर अशा दिशेने ओढायची की ती फिल्टरला घट्ट होण्याच्या बाजूला खेचेल. आणि गळती बघितल्याशिवाय काउलिंग लावायचे नाही.

पंखा_आणि_पुस्तक | २ ऑक्टोबर, रात्री ११.३०

मी विमान चालवायला शिकते आहे. एवढे सगळे वाचून एक शंका विचारते. डब्यावर ‘डब्ल्यू १००’ लिहिलेले असते आणि आमचे सर ते ५० ग्रेडचे तेल आहे म्हणतात. दोन्ही खरे कसे? आणि डब्ल्यू म्हणजे हिवाळा ना?

कलाभवन_जुना | ३ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

तुमचे सर बरोबर आहेत. विमानाच्या तेलाचे आकडे वेगळ्या मोजपट्टीचे आहेत : ८० म्हणजे एसएई ४०, १०० म्हणजे एसएई ५०, १२० म्हणजे एसएई ६०. आणि एरोशेल डब्ल्यू १०० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा नाही. ते तेल ॲशलेस डिस्पर्संट, म्हणजे राख न सोडता मळ तरंगत ठेवणारे, आहे एवढेच तो सांगतो. १५डब्ल्यू-५० अशा मिश्र ग्रेडच्या तेलात मात्र डब्ल्यू हिवाळ्याचाच असतो. नुसते ‘१००’ लिहिले असेल तर ते साधे खनिज तेल, जे नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या इंजिनात पहिले ५० तास किंवा तेलाचा खर्च स्थिर होईपर्यंत वापरतात, म्हणजे कड्या सिलिंडरशी नीट बसतात.

डिस्पर्संट तेल मळ स्वतःत तरंगत ठेवते, तळाशी बसू देत नाही. म्हणून ते लवकर काळे दिसते आणि म्हणूनच ते गरम असतानाच काढायचे असते, कारण तरंगणारा मळ तेव्हा त्याच्याबरोबर बाहेर येतो. मोटारीच्या तेलातली धातुयुक्त डिटर्जंटे इथे चालत नाहीत. त्यांची राख ज्वलनकक्षात साठून इंधन वेळेआधी पेटवू शकते.

पंखा_आणि_पुस्तक | ३ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

धन्यवाद सर. उड्डाणापूर्वी डिपस्टिक पाहताना मी फक्त खूण बघत असे, आता रंग आणि वासही बघेन. आमच्याकडे तेल आठ क्वार्टपर्यंत कधीच भरत नाहीत, वरचा एक क्वार्ट ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, विमानाच्या पोटावर फेकला जातो असे सांगतात.

माळवी_माणूस | ३ ऑक्टोबर, सकाळी ८.००

ते खरे आहे. पण किती तेल घातले हे प्रत्येक वेळी लिहून ठेवा. लायकमिंगचा कमाल खर्चाचा हिशेब १६० अश्वशक्तीला तासाला सुमारे अर्धा क्वार्ट येतो. चांगले इंजिन त्याच्या कितीतरी खाली राहते, आणि एकदम वाढलेला खर्च हा कोणत्याही प्रयोगशाळेआधी मिळालेला इशारा असतो.

हवाई_छंद | ३ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

रोटॅक्स ९१२ चालवणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण एनसीसीच्या व्हायरस एसडब्ल्यू-८० सारख्या मायक्रोलाइटवर हेच इंजिन असते. इथे तेलाचा हिशेब उलटा दिसतो : शिसेविरहित मोटार-पेट्रोलवर १०० तास, आणि ॲव्हगॅस ३० टक्क्यांहून अधिक वेळ वापरले तर ५० तास. कोयलीकरांचा शिशाचा मुद्दा याहून स्पष्ट कुठे दिसणार? शिवाय तेच तीन लिटर तेल गिअरबॉक्सलाही जाते, म्हणून विमानाचे साधे तेल तिथे चालत नाही. आणि दिवसातून एकदा तरी तेलाने १०० अंश सेल्सिअस गाठावे असे निर्मातेच सांगतात, पाणी उडून जावे म्हणून.

रतलाम_डिझेल | ३ ऑक्टोबर, दुपारी ३.४५

माळवी_माणूस यांचा अनुभव वाचून मी माझा मुद्दा पुन्हा मांडतो. प्रत्येक वेळी उघडणे म्हणजे चुकीची एक संधी. ज्या विमानात सगळे ठीक आहे त्याचे तेल निव्वळ तारीख उलटली म्हणून बदलले आणि गास्केट राहिली, तर आपण नसलेले संकट आणले. म्हणून मी अजूनही म्हणतो, आधी नमुना.

माळवी_माणूस | ३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०

साहेब, तुमच्या सावधपणाचा आदर करतो. पण माझी चूक आरसा न वापरण्याची होती, तेल बदलण्याची नव्हती. त्या गास्केटमुळे मी तेल बदलणे कमी केले नाही, फक्त बघणे वाढवले. मंजूर देखभाल कार्यक्रमातली मर्यादा आपल्याला ओलांडता येत नाही; तिच्या आत राहून काळजी कशी घ्यायची एवढेच आपल्या हातात आहे.

हरणीकर | ४ ऑक्टोबर, रात्री ९.३०

आज काम केले, आणि मालक स्वतः हँगरात आले होते. म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी इंजिन थोडा वेळ चालवून तेल गरम केले. तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढले, तर आतल्या बाजूला फिकट तपकिरी साय आणि तिच्यावर पाण्याचे चार-पाच थेंब होते. विश्वामित्रीकाठ यांनी लिहिलेला चहाचा रंग तो हाच, फक्त नखाएवढा. मालकांनी बोटाने पुसून पाहिला आणि काही बोलले नाहीत.

तेल निथळत असताना धारेच्या मधल्या भागातून नमुन्याची बाटली भरली. मग फिल्टर काढला, गास्केट चाचपली, आरसा लावला. फिल्टर कापायला हॅकसॉ वापरायची नसते, तिचाच बुरादा कागदात जातो. डबा उघडण्याच्या चावीसारखे चाकाचे कटर असते, त्याने कडेने फिरवत झाकण वेगळे केले. आतला चुण्यांचा कागद धारदार पातीने कापून काढला, पक्कडीत दाबून तेल पिळले आणि स्वच्छ सॉल्व्हंटच्या थाळीत एकेक चुणी उलगडून धुतली. पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक थाळीतून फिरवला. पिशवीला केसाएवढ्या बारीक तीन काड्या चिकटल्या. उरलेले काळे कण नखाखाली चुरडले, म्हणजे कार्बन. धातू चुरडत नाही. संपच्या तळाची जाळीही काढली, ती बरेच जण विसरतात. तिच्यात कार्बनचे दोन खडे होते, बाकी स्वच्छ. या काड्या काळजीच्या नाहीत, पण कागद वाळवून तारीख आणि तास लिहून ठेवला आहे, पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघता येईल. इतके पाहून मालक म्हणाले, “म्हणजे तेल चांगलेच होते ना?”

तेव्हा मी रतलाम_डिझेल यांची परीक्षा केली. कँटीनमधून जुना तवा आणला होता. तो हॉटप्लेटवर तापवला, दोघांनी चष्मे लावले. आधी नव्या डब्यातल्या तेलाचा थेंब सोडला. तो पसरला, पातळ धूर आला, आवाज काही नाही. मग जुन्या तेलाचा थेंब. तो पडताच फुगला, तडतडला आणि त्याचे बारीक शिंतोडे तव्याच्या कडेपर्यंत गेले. मालकांनी आणखी एकदा करायला सांगितले. पुन्हा तेच.

नंतर त्यांनी विचारले की हे पाणी फिल्टरने का अडवले नाही. कलाभवनकरांचे उत्तर मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगितले.

रतलाम_डिझेल | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

माझ्याच परीक्षेने माझ्या मताविरुद्ध निकाल दिला, तो मी मान्य करतो. रोज चालणाऱ्या इंजिनाचा नियम उभ्या इंजिनाला लावत होतो. प्रयोगशाळेत सिलिकॉनकडे जरूर लक्ष ठेवा. धूळ एअर फिल्टरच्या कडेने आत गेली असेल तर ती तिथे दिसेल.

कलाभवन_जुना | ५ ऑक्टोबर, सकाळी ८.००

हरणीकर, नोंदवहीत पुढची मर्यादा कशी लिहिलीत? नुसते ५० तास लिहिलेत तर फेब्रुवारीत हाच वाद पुन्हा होईल.

हरणीकर | ५ ऑक्टोबर, दुपारी १.००

तास आणि तारीख दोन्ही लिहिले आहे : आजच्या आकड्यात ५० तास मिळवून आलेली संख्या, किंवा ४ फेब्रुवारी, जे आधी येईल ते. हेच एका कार्डावर लिहून ते कार्ड मालकांनी स्वतः कॉकपिटमध्ये, किल्ली अडकवतात त्याच्या शेजारी लावले. हिवाळ्यात हवा चांगली असते, तेव्हा महिन्यातून एकदा तरी तासभर सलग उडवायचे असे त्यांनी ठरवले आहे. पुढच्या पावसाळ्यात तेही जमणार नसेल तर जूनमध्येच इंजिनात संरक्षक तेल भरून आणि तोंडे बंद करून ते ठेवू. नमुना आज सकाळी पाठवला. अहवाल आला की आकडे इथेच देतो.